जावयाच्या वाणातला फॉल्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे तुम्हाला माझी कीव येईल आणि चहा गार होईल. माती मी आयुष्यात बऱ्याचदा खाल्ली आहे, पण जावयाच्या ताटात वाढलेली ही पहिलीच.

माझं जळगावात साउंड सिस्टिमचं दुकान. लग्नं, कीर्तनं, प्रचारसभा, सगळं करतो. माझा लौकिक एकाच गोष्टीचा. मंडपात स्पीकरमधून घुंऽऽऽ असा आवाज यायला लागला, की एरंडोलपासून फैजपूरपर्यंत लोक मला फोन लावतात. तो आवाज म्हणजे अर्थिंगचा फॉल्ट. मी जातो, दोन तारा हलवतो, आवाज बंद. अडतीस वर्षं हेच केलं.

आता जावई. निखिल. धुळ्याला कॉलेजात शिकवतो. सोन्यासारखा मुलगा, पण अबोल किती म्हणाल? लग्नाला दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात माझ्याशी तीनच वाक्यं बोलला. ‘हो पप्पा’, ‘नाही पप्पा’ आणि जेवताना ‘बस झालं पप्पा’. मला मुलगा नाही हो. वाटायचं, जावयाशी तरी चार गप्पा व्हाव्यात.

अशात अधिक महिना आला. म्हणजे जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं. मी फोन करून विचारलं, अंगठी करू की घड्याळ घेऊ? दोन्हीला ‘नाही पप्पा’. मग म्हणाला, “पप्पा, तुम्ही आवाजातले माणूस. तुम्हाला कळेल म्हणून मागतो.”

आणि सुरू झाला की! जपानचा कुठला तरी मेटल बँड. म्हणे गाण्यात नाना प्रयोग करतात. त्यांनी एका अल्बमच्या फक्त तीनशे रेकॉर्डी काढल्या, जुन्या काळच्या तबकडीसारख्या. पांढरं स्वच्छ कव्हर, प्रत्येकावर हाताने घातलेला नंबर. मुंबईच्या एका दुकानात एकच उरलीय. मला निम्मं कळलं नाही. पण पंधरा मिनिटं जावई माझ्याशी बोलत होता! फोन ठेवल्यावर मी बायकोला तीनदा सांगितलं. लगेच रेकॉर्ड मागवली.

पार्सल आलं. आत सीलबंद रेकॉर्ड. आता मला सांगा, वाण कसं द्यावं? निर्दोष द्यावं. अधिकात जावई म्हणजे विष्णू. विष्णूच्या हातात न तपासलेला माल द्यायचा? तोही साउंडवाल्या सासऱ्याने? माझी बायको मूळची धुळ्याकडच्या खेड्यातली. ती म्हणाली, “जवाईनी मांगं ते द्या नं तसंच. तुम्हले काय करनं शे?”

ऐकलं असतं तर! पण नाही. मी सील फोडलं, दुकानातल्या जुन्या प्लेयरवर रेकॉर्ड लावली.

घुंऽऽऽऽ.

मी म्हटलं, झालं, आपलंच अर्थिंग गेलं. उन्हाळ्यात जळगावची माती ती काय, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो. दोन बादल्या पाणी ओतलं, वर मीठ टाकलं. पुन्हा लावली. घुंऽऽऽऽ. अँप्लिफायर उघडला, चांगला चालता कंडेन्सर बदलला. घुंऽऽऽऽ. जुनी भजनाची रेकॉर्ड लावून पाहिली, तर स्वच्छ! बोदवडला माझा दोस्त वामन आहे, तोही साउंडवाला. त्याला फोनवर ऐकवलं. दोन सेकंदांत त्याने निकाल दिला, भाऊ, रेकॉर्डिंग करतानाच अर्थिंग दिलेलं नाही.

दोन तज्ज्ञांचं एकमत! आठव्या मिनिटाला मी सुई उचलली आणि मुंबईच्या दुकानदाराला फोनवर धारेवर धरलं. तो बिचारा सांगतोय, साहेब, ते तसंच असतं. मी म्हटलं, तसंच असेल तर तुमचा सगळा लॉट खराब आहे! रेकॉर्ड त्याच दिवशी कुरियरने परत.

आणि जावयासाठी आणला कंबरेएवढा स्पीकर. गाण्याबरोबर लाल-निळे दिवे लागणारा.

लेक-जावई आले. धोंडे जेवून झाले, तेहतीस अनारशांचं ताट दिलं, वर दिवा ठेवला. मग मी स्पीकरवरची चादर ओढली. दिवे नाचायला लागले. निखिल बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, “पप्पा, ती रेकॉर्ड?”

मी छाती फुगवून सगळी कथा सांगितली. खड्डा, मीठ, कंडेन्सर, वामन. कसा वेळेवर फॉल्ट पकडला! त्याने खिशातून मोबाइल काढला आणि काहीतरी लावलं.

घुंऽऽऽऽ.

“हाच फॉल्ट!” मी ओरडलो.

“हे गाणं आहे, पप्पा,” तो म्हणाला. “नऊ मिनिटं थांबावं लागतं.”

थांबलो. काय करता? नवव्या मिनिटाला ढोल असे कोसळले की ताटातले अनारसे थरथरले. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. मी एक मिनिट आधी सुई उचलली होती.

निखिलने मोबाइल खिशात ठेवला. लेकीने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं, त्याने त्या एका रेकॉर्डसाठी प्लेयर घेऊन ठेवलाय. बायको म्हणाली, भोगा आते. संध्याकाळी निघताना मी म्हटलं, चुकलो रे. तर म्हणाला, “नाही पप्पा.” म्हणजे दोन वर्षांची कमाई गेली आणि आम्ही पुन्हा त्याच तीन वाक्यांवर आलो. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं धंद्यात कधी वाटलं नाही.

पण देव आहे! चार दिवसांनी पार्सल परत आलं. दुकानदाराने माल घ्यायला नकार दिला होता. मी आनंदाने धुळ्याची एसटी पकडणार, तेवढ्यात पार्सल उघडलं आणि लगेच पुन्हा बंद केलं. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. आमच्या धंद्यात बिघडलेला माल चांगल्यात मिसळू नये म्हणून त्यावर खूण करतात. त्या पांढऱ्या स्वच्छ कव्हरवर मी जाड मार्करने, हाताएवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं: खराब.

घासलं, पुसलं, पेट्रोल लावायला निघालो तर बायकोने हात धरला. शेवटी तशीच नेऊन दिली. निखिलने दोन्ही हातांनी घेतली, कव्हरवरचं वाचलं आणि म्हणाला, “हो पप्पा.” मी काही विचारलंच नव्हतं.

आता ते कव्हर त्याच्या बैठकीत दोन्हीकडून काच असलेल्या फ्रेममध्ये लावलंय. पोरगा मोठ्या मनाचा. मी यायचा असलो की मला वाईट वाटू नये म्हणून तो फ्रेम उलटी करून ठेवतो.

कव्हरच्या मागच्या बाजूला, परत पाठवताना मारलेला, माझ्या दुकानाचा शिक्का आहे. पहिला पुसट उठला, म्हणून मी दोनदा मारला होता.