तिसरी चावी

आमच्या गल्लीत कुणाची चावी हरवली की घरात शोधाशोध होत नसे. माणूस सरळ आमच्या इमारतीच्या जिन्याखाली यायचा. तिथे किल्लेदार बसलेले असायचे. त्यांचं खरं आडनाव पोस्टमनखेरीज कुणाला आठवत नसावं. गल्लीभरच्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात तो किल्लेदार, असं कुणीतरी गमतीत म्हटलं आणि ते चिकटलं. दुकान कसलं, उभं कपाटच ते. किल्लेदार आत बसले की गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं. समोर कानशी, पकड आणि लांब चोचीची तेलाची बुधली. पाठीमागे भिंतभर लाकडी फळी, तिच्यावर खिळेच खिळे आणि खिळ्याखिळ्याला एकेक चावी.

किल्लेदारांकडून कुणी कुलूप नेलं की ते दोन चाव्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत आणि तिसरी स्वतः कापून फळीवर टांगत. ना चिठ्ठी ना नंबर, नुसता रंगीत दोरा. आमचा हिरवा होता. "एक तुम्ही हरवणार," ते म्हणायचे, "दुसरी कुठे जपून ठेवली ते विसरणार, आणि तिसरीसाठी माझ्याकडेच रडत येणार. मग आधीच केलेली काय वाईट?" एवढ्या वर्षांत त्या फळीवरून कुणाच्या मनात पाल चुकचुकली नाही. आमचे हे तर म्हणायचे, "बँकेपेक्षा ती फळी बरी. निदान रांग तरी नसते."

त्यांची बायको लवकर गेली. मागे एकच लेक, मुंगी. लहानपणी बाटल्यांची बुचं, मणी, तुटकी बक्कलं, जे मिळेल ते तुरुतुरु नेऊन साठवायची म्हणून मुंगी. किल्लेदारांनी तिला एकट्यानं वाढवलं आणि चांगलं वाढवलं. वेणी घालायला शिकले, डबा करायला शिकले. फक्त बोलायला काही शिकले नाहीत. काही कुरकुरलं की तेलाचा थेंब सोडावा, एवढाच उपाय त्यांना ठाऊक.

मुंगीला लांबच्या शहरात कॉलेजला प्रवेश मिळाला, वसतिगृहात खोलीही मिळाली. किल्लेदार आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. शेजारचंच दार त्यांचं. "वहिनी, मुलींच्या सामानातलं मला ओ की ठो कळत नाही. चला ना बरोबर."

बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात शिरलो, तर किल्लेदारांनी पहिल्या बादलीपाशीच ठाण मांडलं. कडी खालीवर करून पाहिली, कानाशी नेऊन ऐकली.

"ही टिकायची नाही."

"बाबा, बादली आहे ती. तिजोरी नाही."

"मोडली म्हणजे कुणाकडे जाशील?"

"दुकानात. नवी घेईन."

त्यांनी कडी आणखी एकदा वाकवून पाहिली आणि बादली घेतली. त्यानंतर पाण्याचा मग, साबणाची डबी, हँगर, कपड्यांचे चिमटे, टेबलावरचा दिवा. गादी त्यांना पातळ वाटली. "पलंगच तसले अरुंद असतात तिथे," मुंगी म्हणाली. उशी घ्यायला लागलो तर म्हणाले, "घरचीच ने की."

"तिला खड्डा पडलाय, बाबा."

"तुझ्याच डोक्याचा आहे ना तो?"

मुंगी खळखळून हसली. मला बरं वाटलं. असं हसणं त्या घरातून क्वचित ऐकू यायचं.

मग कुलपांची मांडणी आली. दुकानदारानं तिच्यापुढे एक छोटं कुलूप धरलं. "ताई, हे घ्या. आकड्यांचं. चावीची भानगडच नको. आकडे तुमच्या डोक्यात, कुणाच्या बापाला उघडायचं नाही!"

किल्लेदारांनी ते हातात घेऊन हलवलं. "हे कुलूप? हा खुळखुळा झाला."

"काका, जमाना बदलला. तुम्हाला नाही कळायचं कुलपातलं."

मुंगीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि तोंडावर हात घेतले. किल्लेदार मात्र गंभीर होते. "कुलूप सोडून काय हवं ते घे," ते लेकीला म्हणाले. "कुलूप माझं."

मुंगीनं आकड्यांचं कुलूप परत जागेवर ठेवलं, पण ठेवताना तिचं बोट त्या बारक्या चकत्यांवरून उगाच फिरत राहिलं. किल्लेदार कपडे वाळत घालायची दोरी ताणून पाहायला पलीकडे गेले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "घे की तेही. बॅगेला होईल."

"काकू, माझी पत्र्याची पेटी आठवते?"

आठवत होती. निळ्या रंगाची.

"आई गेली त्या वर्षी मी तिला कुलूप लावायचे. आत काही विशेष नव्हतं हो. आईचा कंगवा होता. तिचे केस अडकलेले होते त्यात, तसाच ठेवला होता. ते कुलूप उघडताना केवढं कुरकुरायचं! एकदा शाळेतून आले, चावी फिरवली, तर आवाजच नाही. तेल घातलेलं."

मला समजायला एक क्षण लागला. "मग? काही बोललीस?"

"काय बोलू? कंगवा होता तिथेच होता. आणि तेल घातलं हे बाबांच्या गावीही नसेल. हात आपोआप जातो त्यांचा." तिनं हँगरचा गठ्ठा सारखा केला. "तेव्हापासून कुलूप लावणंच सोडलं. चावीवाल्याच्या घरात कुलूप लावून कुणाला फसवायचं?"

हे शेवटचं वाक्य मी तिच्या तोंडून आधीही ऐकलं होतं. आम्ही सगळेच त्यावर हसायचो.

पुढचे काही दिवस किल्लेदारांनी गिऱ्हाइकं थोपवून धरली. जुनं पितळी कुलूप घेऊन त्याच्या पोटातलं सगळं नवं घडवलं. मी भाजी घेऊन येताना दिसले की ते हाक मारून दाखवायचे. "वहिनी, हे उघडायचं तर मलासुद्धा घाम फुटेल."

"चाव्या किती करताय?" मी विचारलं.

"दोन. दोन्ही तिच्याच."

ते मनापासून बोलत होते.

निघायच्या सकाळी रिक्षा दाराशी उभी राहिली. किल्लेदार पोचवायला जाणार होते, पण मुंगीच म्हणाली, "मैत्रिणीचे बाबा आहेत बरोबर. तुम्ही दुकान सोडू नका." सामान चढलं. किल्लेदारांनी दुकानातल्या आपल्या जागेवरून कुलूप फडक्यानं पुसून तिच्या तळहातावर ठेवलं, वर दोन चाव्या. तिचा चेहरा मऊ झाला. ती काहीतरी बोलणार होती, बहुतेक चांगलंच. तेवढ्यात तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली.

फळीवर आमच्या हिरव्या दोऱ्याशेजारी लाल दोऱ्याची एक कोरी करकरीत चावी होती.

"ती कुणाची?"

किल्लेदारांनी वळून पाहिलं. मी पायरीवरच होते. ती चावी जणू आत्ताच पहिल्यांदा दिसावी तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"अगं... ही... सवयीनं झाली गं."

"दोन म्हणाला होतात."

त्यांनी घाईनं चावी काढून तिच्यापुढे धरली. "घे, हीपण घे. चौथी नाही. तुझी शपथ."

"शपथ कशाला, बाबा?" आवाज जराही चढला नव्हता. "तुम्हाला कुठे चावी लागते?"

आता आणखी चावी नाही, हे चावीवाल्यानं दाखवायचं तरी कसं? मुंगीनं कुलूप अलगद त्यांच्या समोरच्या फळकुटावर ठेवलं. "आपल्या दाराला लावा. छान झालंय." मग वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसली. कोपऱ्यावरच्या दुकानाशी रिक्षा थोडा वेळ थांबली. काय घेतलं ते विचारायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात किल्लेदार फळीवरच्या चाव्या घरोघर परत करत फिरले. "वहिनी, ही तुमची."

"अहो भाऊजी, मी हरवणार ती."

"हरवा. मग बोलवा. तुमच्यादेखत उघडून देईन."

तळमजल्यावरच्या आजी तर भांडायलाच उठल्या. "मला कशाला देतोस मेल्या? मी चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधते!" पण त्यांनाही चावी घ्यावी लागली. फळीवर नुसते खिळे राहिले.

एकदा आमच्याकडे चहाला बसले असताना त्यांनी आपणहून पेटीचा विषय काढला. "मन चिंती ते वैरी न चिंती, वहिनी. पोर बोलत नव्हती, पेटीसमोर बसून राहायची. मला नाही नाही ते सुचायचं. विचारायला हवं होतं, 'काय गं आहे आत?' एवढंच. पण मला कुलूप दिसलं की ते उघडता येतं, एवढंच कळतं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तिला समजलं कसं, हे मात्र कोडंच आहे. ओरखडासुद्धा ठेवला नव्हता मी."

"तेल, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही कुलपाला तेल घातलंत."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चहा तसाच राहिला.

पितळी कुलूप त्यांनी स्वतःच्या दाराला लावलं. मैत्रिणीचे बाबा मुलींना भेटायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर ती लाल दोऱ्याची चावी पाठवली आणि फोनवर सांगितलं, "घराची आहे. मी असो नसो, उघडून ये."

सुट्टीत मुंगी आली ती ऐन दुपारी. मी दार उघडलं तर ती जिन्याच्या पायरीवर, बॅग मांडीशी घेऊन बसलेली. किल्लेदार कुणाच्या तरी घरी कपाट उघडायला गेले होते.

"अगं, चावी विसरलीस?"

"नाही. ही काय." लाल दोरा तसाच होता.

"मग बसलीस का अशी?"

"ते नसताना कसं उघडायचं, काकू?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला पाणी दिलं, चहा दिला. जिन्यावर किल्लेदारांची पावलं वाजली. लेक दिसली, तिच्या हातातली चावी दिसली, आणि काय घडलंय ते त्यांना कळलं. ते भिंतीशी सरकून उभे राहिले. "तू उघड."

मुंगीनं चावी फिरवली. दमट हवेनं आतून गंजलेलं ते कुलूप जिनाभर ऐकू जाईल असं करकरलं. ती थबकली.

"तेल नाही घातलंत?"

"नाही," किल्लेदार म्हणाले. "घालू का?"

ती कुलपाकडे बघत राहिली. "राहू दे," म्हणाली, आणि आत गेली. मागोमाग तेही गेले. दार उघडंच होतं. मुंगी वाकून बॅगेच्या आकड्यांच्या कुलपाच्या चकत्या फिरवू लागली, तेव्हा कुणी न सांगता किल्लेदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.