लाल फेरीतला सहावा थांबा

धुळ्याला कॉलेजात आले तेव्हा मला मराठी नीट लिहिता येत नव्हतं आणि अहिराणी समजायची, तीही अर्धीच. शाळा जळगावात इंग्रजी माध्यमात झालेली. वडिलांची बदली झाली आणि मला देवपुरात आत्याकडे ठेवलं. मी आपण होऊन कोणाशी बोलणारी नव्हते. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे, कारण शेवटच्या बाकाकडे सरांचं लक्ष हमखास जातं.

तरी इतिहासाच्या सरांनी मला हुडकून काढलंच.

"तू इंग्लिश मीडियमची ना? दोन पानांचं काम आहे. नाही म्हणू नकोस."

जुन्या धुळ्यात एक म्हातारे कम्युनिस्ट कार्यकर्ते होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. दर एक मेला सकाळी ते लोकांना पायी हिंडवून मिल कामगारांच्या चळवळीच्या जागा दाखवत. गावात या हिंडण्याला लाल फेरी म्हणायचे, काही जण आदरानं, बरेच जण हसून. त्या वर्षी मुंबईहून एक अभ्यासक बाई आणि त्यांच्यासोबत एक परदेशी पाहुणे येणार होते. त्यांच्यासाठी प्रत्येक थांब्याची माहिती इंग्रजीत हवी होती. आदल्याच हिवाळ्यात सोव्हिएत संघ मोडला होता. मला वाटलं होतं की आता असल्या फेऱ्या बंद होतील. पहिल्या भेटीत धीर करून मी भाऊंना तसं विचारलं.

"तिकडचं तिकडे," भाऊ म्हणाले. "आपली पाच नंबरची गल्ली कुठे मोडलीय?"

हा विनोद होता की उत्तर, ते मला कळलं नाही. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये तीन रविवार आम्ही सकाळी साडेसहाला निघायचो. भाऊ पुढे, मी वही घेऊन दोन पावलं मागे आणि माझ्याही मागे आणखी एक म्हातारे, ज्यांना सगळे नाना म्हणत. नाना उंच आणि वाकलेले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. दर थांब्यावर ते माझ्या तळहातावर चार दाणे ठेवायचे, "खाय पोरी" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. भाऊ बोलत राहायचे. गल्ली नंबर चारमधली ती खोली, जिच्यात पत्रकं छापायचं यंत्र गोधड्यांच्या ढिगाखाली लपवलेलं होतं. ती खानावळ, जिनं मिलच्या जुन्या संपात महिनाभर उधारीवर जेवू घातलं. नदीकाठचं ते वडाचं झाड, जिथे सभा भरायच्या. झाड तोडलेलं होतं. भाऊ रिकाम्या जागेकडे हात करून बोलायचे आणि मी त्या रिकाम्या जागेचं वर्णन लिहून घ्यायचे.

सहावा थांबा मिलच्या फाटकासमोर होता. मोठं लोखंडी फाटक आणि त्यातच एक माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार, दिंडी दार म्हणतात तसं. इथे आलो की नाना थांबत नसत. मान खाली घालून पुढच्या चहाच्या टपरीकडे निघून जात. आणि एरवी अखंड बोलणारे भाऊ इथे दोनच वाक्यं बोलत.

"तेहेतिसाव्या दिवशी हे दार आतून उघडलं आणि संप फुटला. चला पुढे."

तिन्ही रविवारी तेवढंच. माझ्या शाळेत कोण, कधी, कुठे, का या चारही प्रश्नांची उत्तरं असल्याशिवाय पूर्ण मार्क मिळत नसत. माझ्या वहीत 'कोण'ची जागा मोकळी होती आणि ती मला टोचत होती. भाऊंना विचारायची हिंमत झाली नाही. घरी जेवताना आत्याच्या यजमानांना विचारलं. मी त्यांना काका म्हणायचे. ते त्याच मिलच्या कचेरीत कारकून होते.

काकांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता नाव सांगितलं. माणसाचं, वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही. मिलमधला जॉबर, म्हणजे मुकादम होता, म्हणाले.

"अख्ख्या धुळ्याला ठाऊक आहे."

"जेवताना कशाला नाव घेता त्याचं?" आत्या म्हणाली. ती रागावली होती. का, ते मला समजलं नाही. नाव मात्र मी लक्षात ठेवलं. सोमवारी टायपिंग क्लासमध्ये स्टेन्सिल कापताना ते सहाव्या थांब्याच्या मजकुरात घातलं. अमुक जॉबरनं दार आतून उघडलं. मजकूर आता पुरा झाला असं वाटलं. युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलवर तीस प्रती निघाल्या. भाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. शाईचा वास घेऊन ते म्हणाले, "छान आलंय."

एक मेला आम्ही बारा-तेरा जण होतो. सगळ्यांच्या हातात कागद. खानावळीपाशी मुंबईच्या बाईंनी वही काढली आणि प्रत्येकाला नाव विचारत निघाल्या. मी माझं सांगितलं. मग त्यांनी नानांना विचारलं, "आणि आपलं?"

मस्टरवर हजेरी द्यावी तसं नानांनी आपलं पुरं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव.

तेच नाव.

तीन रविवार मी या माणसाच्या हातचे दाणे खात होते आणि त्यांचं नाव काय ते मला माहीत नव्हतं. आपल्याकडे मोठ्या माणसाला नाव विचारत नाहीत. भाऊ, नाना, आबा म्हटलं की झालं. बाईंनी ते नाव वहीत उतरवलं. सहावा थांबा होता ती कागदाची मागची बाजू अजून त्यांनी पाहिली नव्हती, पण एक-दोन मुलं तीच वाचत होती. त्यातल्या एकानं डोळे वर करून नानांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

फाटक अजून तीन थांबे दूर होतं. कागद गोळा करावेत म्हटलं, पण काय कारण सांगणार? शेवटी भरभर चालत भाऊंना गाठलं.

"भाऊ, मी त्या कागदात नाव घातलंय."

"कोणाचं?"

मला ते उच्चारता येईना. मी मागे नानांकडे पाहिलं. भाऊंनी माझ्या नजरेच्या रोखानं पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"कोणी सांगितलं तुला?"

"काकांनी."

"अगं, आम्ही कमिटीत ठराव केला होता. दार उघडणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. एकाच चाळीत राहायचं, एकाच नळावर पाणी भरायचं. त्याची पोरं आपल्याच पोरांत खेळणार. कोणी म्हणून तोंडातून काढलं नाही इतकी वर्षं!" त्यांचा आवाज चिरकत होता. "आणि तू मशीनवर छापलंस!"

"पण ते खरं आहे ना?" मी विचारलं. विचारल्याबरोबर वाटलं, हे विचारायला नको होतं. खरं असणं चांगलं की वाईट, हेच मला उमगत नव्हतं.

सगळे पुढे चालत राहिले, म्हणून आम्हीही चाललो.

फाटकाशी पोचलो. नाना नेहमीप्रमाणे टपरीकडे गेले नाहीत. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कागद त्यांच्या हातात होता, घडी मोडलेला.

"ती पोरं सारखी मन्हाकडे देखी राहिनात. काय लिखेल शे यामा?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे पाहत होते.

"वाच, पोरी. मराठीमा सांग," नाना म्हणाले.

मी वाचलं. शब्दाला शब्द लावून मराठीत सांगितलं, त्यांचं नाव त्यांनाच ऐकवलं. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांना वाकून ऐकावं लागलं. आता ते ओरडतील किंवा निघून जातील, असं मला वाटलं. ते दोन्ही झालं नाही.

"मी?" नाना म्हणाले. "मी तठे नव्हतूच. मी जामनेरले व्हतू, सासरवाडीले. मन्ही पोर आजारी व्हती."

भाऊंनी मान वर केली. "त्या दिवशी?"

"त्या दिवशी नि त्याना आदला दिवशी. परत ऊनू तं संप फुटेल, नि बठ्ठा लोके मन्हासंगे मुका. मले वाटनं, संपना टायमाले गाव सोडं म्हनीसन तुम्ही रागावनात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कोनी विचारं का मले?" नाना पहिल्यांदाच हसले, पण ते हसू पाहून मला बरं वाटलं नाही. "कोनी म्हनं का, की तूच तो? म्हनं असतं तं सांगतू."

भाऊ म्हणाले, "मग इथे आलं की मान खाली घालून पुढे का जातोस?"

"तू आठे मुका व्हस, म्हनीसन. मन्हामुळे तुले बोलता येत नही असं वाटे. म्हनीसन मी बाजूले जास."

"आणि दरवर्षी येतोस कशाला मग?"

"का येऊ नही? मन्हाबी संप व्हता तो."

परदेशी पाहुणे बाईंना विचारत होते, काय चाललंय. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी माझी भाषा होती, पण त्या क्षणी मला एकही वाक्य सापडलं नाही. मी मान हलवली. तिचा अर्थ त्यांनी काय लावला कोण जाणे.

"मग कोण होतं?" भाऊंनी विचारलं. जवळजवळ कुजबुजले.

नानांनी फाटकाकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, नव्हतं, की ते मुळात खोटंच बोलत होते? तिन्ही शक्य वाटत होतं आणि दर वेळी चेहरा तोच दिसत होता.

"नाव लेवानं नही," ते म्हणाले. "ठराव तुन्हाच शे ना भाऊ."

मी पेन काढलं आणि माझ्या प्रतीवरची ती ओळ खोडायला लागले. नानांनी माझं मनगट धरलं नाही, नुसता कागदावर हात ठेवला.

"खोडू नको. खाले लिख. मी जामनेरले व्हतू, असं लिख."

त्या इंग्रजी ओळीखाली मी मराठीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग मुलांच्या हातातले कागद एकेक घेऊन त्यांवरही लिहिलं. दोन मुलांनी आपले कागद खिशात घातले होते, त्यांच्याकडे मागायचा धीर झाला नाही. भाऊ सगळा वेळ उभे होते. नको म्हणाले नाहीत, लिही म्हणाले नाहीत. शेवटचे दोन थांबे त्यांनी नुसतेच बोटानं दाखवले.

घरी काकांना विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं का, दार कोणी उघडलं ते?"

"मी कशाला पाहीन? सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

काका हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

पुढचे आठ दिवस मी कॉलेजच्या वाटेवर ना भाऊंच्या गल्लीत शिरले, ना मिलच्या बाजूला गेले. मी एका माणसाची अब्रू घालवली होती की त्याला पहिल्यांदा बोलायची संधी दिली होती? सकाळी एक वाटायचं, दुपारी दुसरं. भाऊंनी त्या माणसावर दया केली असं मी धरून चालले होते. पण ती दया नसून न संपणारी शिक्षा होती, आणि ती देणाऱ्यालाही कळलं नव्हतं की तो काय देतोय. की नाना खोटं बोलले होते, आणि भाऊंचाच ठराव बरोबर होता?

नवव्या दिवशी संध्याकाळी भाऊ सायकलवरून पूल ओलांडून देवपुरात आले. आत्यानं दिलेलं पाणी प्यायले. बसले नाहीत.

"पोरी, नानाकडे जायचंय. तू चल."

"मी काय बोलू तिथे?"

"काही नको बोलू. कागद तू लिहिलास, तर तू सोबत हवीस. मला एकट्याला..."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घातली.

ते सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारून. वाटेत एकाही जागेकडे त्यांनी बोट दाखवलं नाही. नानांच्या अंगणाचं दार उघडंच होतं. नाना अंगणात खाटेवर बसून उडीद निवडत होते. त्यांची म्हातारी बायको आमच्याकडे बघून आत गेली आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.

भाऊ दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील.

"ऊन फार आहे औंदा," भाऊ म्हणाले.

"हा, शे," नाना म्हणाले आणि खाटेवर सरकून जागा केली. भाऊ बसले. दोघांमध्ये उडीद पसरलेलं सूप होतं. थोड्या वेळानं भाऊंनीही खडे निवडायला सुरुवात केली. मी उंबऱ्याशी उभी होते. काहीतरी झालं की काहीच झालं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

"नाना," भाऊ म्हणाले, सुपातून नजर न काढता, "पोर वाचली का ती? जामनेरची?"

नानांचा हात थांबला.

"नही," ते म्हणाले.

मग दोघेही पुन्हा निवडायला लागले.