मुळशीची लेक आणि भाडेकरूचा रकाना

मुळशीला लोक धरण बघायला जातात, भजी खायला जातात, फोटोसाठी जीव धोक्यात घालायला जातात. मी गेले एक फॉर्म दुरुस्त करायला. हसा खुशाल.

मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. आना स्पेनची. सकाळी माझ्या वर्गात मराठी शिकते, दुपारी आमच्याच संस्थेत स्पॅनिशच्या वर्गाला मदतनीस. बोलीचा अभ्यास करायचा म्हणून राहते मात्र पौडच्या पुढे, धरणाकाठच्या गावात, तात्या आणि काकूंकडे. आता नियम बदलले. शिकायची परवानगी वेगळी, शिकवायची वेगळी, शिवाय 'ही बाई माझ्या घरात राहते' हे घरमालकानं ऑनलाइन भरून द्यायचं. तात्यांनी भरलं, आणि गुरुवारी भर वर्गात मेल आला: 'अर्ज परत. नाते तपासा.' दुरुस्तीची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. ती हुकली की आनानं बॅग भरायची. तात्यांना फोन लावावा तर गावात रेंज नाही.

मग काय, आना रात्री माझ्याकडेच राहिली आणि शुक्रवारी आठला कोथरूडहून माझ्या गाडीनं निघालो. तुम्ही मात्र सातच्या आत निघा, नाहीतर भूगावपर्यंत पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं तोंडपाठ होतात. एसटीनंही जाता येतं, फक्त परतीची वेळ आधी विचारून ठेवा. पौडला मिसळ खाल्ली. जादा पाव, दोन चहा धरून दोघींचं अडीचशेच्या आत. आनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं का गं?"

"न्हाई मॅडम. लई भ्या वाटतंय."

वर्षभर घसा कोरडा करून मी प्रमाण मराठी शिकवली आणि ही बया बोलते मुळशीचं! मला हसू फुटलं, पण तिचा चेहरा बघून गिळलं.

पौड सोडलं की वाहनं कमी होतात, दोन्हीकडे कापणीला आलेलं भात दिसतं, मग धरणाचं पाणी रस्त्याची सोबत करतं. गाडी थांबवून बघावं असं बरंच आहे. आम्ही थांबलो नाही.

दारातच काकूंनी आनावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. एक दिवस पोर घरी नव्हती ना! मी सरळ मुद्द्यावर आले.

"तात्या, फॉर्ममध्ये 'नाते' म्हणून काय लिहिलंत?"

"मुलगी. दुसरं काय लिवणार?"

"अहो, तिच्या पासपोर्टवर वडील वेगळे आहेत!"

"आसतील की. त्यांचं बी बरं चालू दे."

मी कपाळावर हात मारला. "भाडेकरू लिहायचं होतं!"

तात्या पायरीवर बसले ते उठेचनात. "दिवाळीला हिनं वटी भरलीया तिची. वटी भरल्याली पोर भाडेकरू? मॅडम, गाव शेण घालंल माझ्या तोंडात."

मी कायदा सांगितला, मुदत सांगितली, शेवटी आवाज चढवला. तात्या ढिम्म. दोन वाजले. काकूंनी मध्येच सगळ्यांना जेवायला वाढलं. भांडताना उपाशी राहायची या घरात पद्धत नाही. जेवण झाल्यावर आना तात्यांशेजारी जाऊन बसली.

"तात्या, कागुद सायबाचा हाय. त्यात भाडेकरू लिवा. न्हाईतर मला खरंच जावं लागंल. मंग पुढच्या दिवाळीला काकू वटी कुणाची भरणार?"

तात्यांनी टोपी घातली आणि ते गाडीत जाऊन बसले.

पौडच्या सेवा केंद्रात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, आणि पुढे सातबारावाल्यांची रांग. आमचा नंबर आला साडेचारला. रकाना उघडला, यादीत 'भाडेकरू' दिसलं. केंद्रातल्या माणसानं माउस तात्यांपुढे सरकवला. तात्यांनी मान वळवली. "तुमीच दाबा. माझ्या हातनं न्हाई व्हणार."

त्यानं दाबलं. पाचला दहा कमी असताना अर्ज गेला.

सोमवारी निकाल आला. राहायला आणि शिकायला परवानगी. मदतनिसाच्या कामाला नाही, त्यासाठी निराळा अर्ज करा म्हणे. मला भयंकर राग आला. स्पॅनिशच्या वर्गाची मधल्यामध्ये पंचाईत झाली. "ऱ्हायले न्हवं मी?" असं म्हणून आनानं माझ्या हातात काकूंनी पाठवलेला तांदळाच्या खिरीचा डबा ठेवला.

तो घेऊन घरी आले. माझ्या वरच्या मजल्यावर दोन मुली भाड्यानं राहतात, हिंजवडीत नोकरीला आहेत. करारनामा, फोटो, पोलिसांकडची नोंद, सगळं चोख. माझा फॉर्म आजवर कुणी परत पाठवलेला नाही. त्या कुठल्या गावच्या, हे मात्र मला करारनाम्यात बघावं लागलं. लाज वाटली. अर्धी खीर पातेलीत काढून जिना चढले, बेल वाजवली.

दार जरासं उघडलं. मला बघताच थोरली घाईघाईनं म्हणाली, "सॉरी मॅडम, आमच्याकडून पाणी परत जास्त वापरलं गेलं का?"