चाकं आम्हीच मोकळी केली

अन्याय झाला तो मला शाळेत शिकवणाऱ्या बाईंवर. झाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, सरकारी आवारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या वडिलांचा वाफेचा रोलर ट्रेलरवर चढवला आणि भंगारात नेला. बाईंना कोणी विचारलं नाही. मलाही नाही, पण माझं सोडा.

वडिलांचा म्हणजे मालकीचा नव्हे. कागदावर मालक सरकारच. बाईंचे वडील त्यावर ड्रायव्हर होते. देवरूखच्या बाजूचे डोंगरातले रस्ते त्यांनी दाबले. दिवसभर गावाला रस्ता करून द्यायचा आणि रात्री त्याच गावात पाठ टेकायला कुणाची ओटी मिळायची नाही, कारण हे बौद्धवाडीतले. मग ते रोलरखाली झोपायचे. बॉयलरची ऊब बराच वेळ टिकायची. बाई हे सांगताना आवाज चढवत नाहीत. मी चढवते.

रत्नागिरीत रेल्वे आली तीच डिझेलवर. कोळशाचं इंजिन या कातळावरून कधी धावलंच नाही. आमच्याकडे वाफ आली ती समुद्रातून बोटीने आणि रस्त्यावरून रोलरने. बोटी गेल्या, हा एक रोलर उरला. घाटावरच्या एका इंजिनप्रेमी गृहस्थांना मी फोनवर हे समजावलं, तर ते हसून म्हणाले, "अहो ताई, पण रूळ कुठेत त्याला?" नाहीत रूळ. रूळ नसलेलाच वारसा आमच्या वाट्याला आला, तर काय करू, टाकून देऊ?

मी पत्रकं वाटून माणसं जमवली. दर रविवारी रोलर घासायचा, गंज काढायचा, रंग द्यायचा. सुरुवातीला चांगला घोळका असायचा. मग कुणाला मुंबईत नोकरी लागली, कुणाचा आंबा सुरू झाला, कुणाचं लग्न ठरलं. ग्रुपवर मात्र सगळे आहेत. फोटो टाकला की अंगठे वर होतात. रॉकेलचं फडकं हातात धरणाऱ्या आम्ही दोघीच उरलो.

रविवारी ते आवार अगदी ओस असतं. बाई एका बाजूने घासायच्या, मी दुसऱ्या बाजूने. मध्ये बॉयलर, त्यामुळे एकमेकींची तोंडंही दिसायची नाहीत. पलीकडून खरवडण्याचा आवाज आला की समजायचं, बाई आहेत. तो थांबला की मीही थांबायची आणि कान देऊन ऐकायची.

बाईंना एकच हवं होतं: चाकं एकदा फिरलेली बघायची. गंजून ती जागच्या जागी धरली होती. पावसाळाभर आम्ही तेल पाजत राहिलो. खंडेनवमीला कर्मचाऱ्यांनी गाड्यांना झेंडूचे हार घातले, रोलरलाही घातला, आणि पेढे खाऊन खुशीत असलेल्या चौघांनी चाकांखाली पहारी घातल्या. रोलर करकरला आणि वीतभर पुढे सरकला. बाई आल्या होत्या, पण पूजेला नव्हे. त्यांनी चाकावर नुसता तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दसरा गेला आणि रोलरही गेला. मला कळलं ते वॉचमनकडून. तो बिचारा खालमानेने म्हणाला, "लिलाव कधीच झालेला, ताई. न्यायची गाडी मागे एकदा येऊन रिकामी परत गेलीय. चाकंच फिरेनात, चढवणार कसा? या वेळी आपला सरसर चढला."

म्हणजे गंजाने इतकी वर्षं राखलेला रोलर आम्ही तेल घालून सोडवून दिला. मान्य, चूक आमची. पण लिलावाची नोटीस आवारातल्या बंद खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची, याला चूक म्हणत नाहीत.

फोनवर सांगायचा धीर मला झाला नाही. रविवारी बाई नेहमीसारख्या फडकी आणि रॉकेलची बाटली घेऊन आल्या. जिथे रोलर होता तिथे गवत नसलेला तांबडा तुकडा उरला होता. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील, निदान रडतील, असं मला वाटलं होतं.

"चढताना अडला नाही ना गो कुठे?"

"नाही, बाई."

"चाकं फिरली नीट?"

"फिरली."

"मग बरं," म्हणाल्या, आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या जागी गेले. मध्ये काहीच नव्हतं. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच त्या जागेवरून मला त्यांचा चेहरा दिसला. तो मी लिहिणार नाही.

रोलर अजून तुटलेला नाही. हातखंब्याच्या रस्त्याला भंगाराच्या आवारात उभा आहे. आम्ही दोघी तिथे जाऊन आलो. भंगारवाला वाईट माणूस नाही, सरळ बोलला. "दोन बायका आल्या म्हणून मी धंदा थांबवत नाही. गाव आलं तर थांबेन."

गाव म्हणजे तुम्ही. अंगठे पुरे झाले. तुमच्या घरापर्यंतचा रस्ता कुणी दाबला आणि त्या रात्री तो माणूस कुठे झोपला, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि येत्या रविवारी सकाळी त्या भंगारवाल्याच्या फाटकाशी या. एका बाजूला बाई असतील. तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहा.