टेकाडावरचा फोन

केमो घेऊन माणूस गावी गेला की त्याला दर आठवड्याला फोन करायचा, हे मी नर्स म्हणून करते त्यातलं एक काम. किती दुखतंय, गोळीचा असर टिकतो का, पोट साफ होतंय का, एवढं विचारायचं.

आहुपे गावच्या एका काकांना तोंडाचा कॅन्सर होता. बोलता येत नव्हतं, म्हणून फोन त्यांच्या बायको, मावशी, घ्यायच्या. घरात रेंज नाही. काकांना सगळं विचारून त्या टेकाडावर चढायच्या आणि माझ्या फोनची वाट बघत बसायच्या.

"दहापैकी किती दुखतं म्हणाले?"

"आठ बोटं दावली, ताई."

डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं. पुढे आठाचे पाच झाले, मग तीन. "सकाळी नाचणीची आंबील पिले. अंगणात बसलेत," मावशी सांगायच्या. ऐकून मला बरं वाटायचं.

एकदा मी म्हणाले, "मावशी, गोळ्या संपत आल्या असतील. न्यायला कुणाला तरी पाठवा."

"हायेत की. लई शिल्लक हायेत."

"शिल्लक कशा? काका घेत नाहीत का?"

त्या म्हणाल्या, "त्यांना जाऊन महिना व्हत आला, ताई."

महिनाभर मी गेलेल्या माणसाच्या झोपेची, जेवणाची चौकशी करत होते आणि मला उत्तरं मिळत होती. आंबील कुणी प्यायली होती?

"मावशी, सांगितलं का नाही?"

"तुमी फोन बंद केला असता. दिवस झाले, पावणं गेलं. आता त्यांचं कोन इचारतंय? तुमी इचारलं की वाटायचं, खाली घरात हायेत."

रुग्ण गेला की आमचा फोन थांबतो. पण पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वारी, डबा खाऊन झाल्यावर मी माझ्या मोबाइलवरून त्यांना फोन लावला. त्या टेकाडावर येऊन बसल्याच होत्या. या वेळी त्यांचंच विचारलं, जेवलात का, झोप लागते का. त्या नीट बोलल्या. उरलेल्या गोळ्या पुतण्याबरोबर पाठवते म्हणाल्या. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं.

"त्यांचंबी इचारा की, ताई."

"काकांना आज किती दुखतंय?" मी विचारलं.

"आज एकबी बोट दावलं न्हाई, ताई," त्या म्हणाल्या.