दुपारचा फोन

भांडण टेकडीवरून जुंपलं होतं. भिंत पातळ, त्यामुळे शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेल्या अक्काला ते आयतंच ऐकायला मिळालं.

"टेकडीमागच्या गल्ल्या माझ्या वर्तुळात घाल," भावजय म्हणत होती. ती नर्स. घरोघर जाऊन जखमा बांधायची.

"त्या तुझ्या तीन किलोमीटरच्या बाहेर पडतात," अक्काचा धाकटा भाऊ म्हणाला. तो नर्सांच्या कचेरीत. आजाऱ्याचा फोन आला की संगणकाने नकाशावर सगळ्यात जवळची नर्स शोधायची, आणि शोध चुकला तर याने निस्तरायचा. उठता-बसता मोजमाप, म्हणून बायकोने त्याचं नाव मोजपट्टी ठेवलेलं.

"वाढव मग. तिकडे दुसरं कोण जातंय?"

"नियम आहे."

"नियमाचा पाय सडत नाही ना, म्हणून तुला सुचतंय."

मोजपट्टीने तोंड फुगवून वर्तुळ वाढवलं. अक्का गालातल्या गालात हसली.

त्यालाही वर्षं लोटली. आता भावजय गेली होती, नुकतीच. मोजपट्टी कामावर जात होता, जेवत होता, फक्त तिचा फोन रोज न चुकता चार्ज करून शेजारच्या खोलीच्या खिडकीत ठेवायचा. आणि तो घरी नसताना, भर दुपारी, कधीकधी तो फोन वाजायचा. वाजून वाजून गप्प व्हायचा. अक्काला वाटलं, हाच कचेरीतून लावत असणार. राहवत नसेल बिचाऱ्याला. तिने विषय काढला नाही.

एका संध्याकाळी तो ताटावर नुसताच बसून राहिला.

"टेकडीमागे एक आजोबा आहेत. पायाची पट्टी बदलायला नर्स जातच नाही. आणखी दोन दिवस असेच गेले तर पाय कापावा लागेल म्हणतात."

"मग पाठव की कुणाला."

"संगणक सांगतोय, जवळची नर्स सापडली, फोनही गेला. पण उचलत कुणी नाही. मीटरच्या जागी भलतं माप पडलंय का बघितलं. घरांच्या जागेचे आडवे-उभे आकडे उलटे झालेत का बघितलं. सगळं जागच्या जागी आहे."

अक्का जरा घुटमळली. "हा फोन दुपारी जातो का रे?"

"दुपारीच. का गं?"

"मला वाटलं, तूच लावतोस."

"कोणता?"

तिने शेजारच्या खोलीतल्या खिडकीकडे बोट केलं.

त्याने तिकडे बघितलं. "नकाशावरून मी तिला काढलंच नव्हतं," तो म्हणाला. "आणि नावं बघितलीच नाहीत, अक्का. नुसती अंतरं मोजत बसलो."

"उगाच नाही मोजपट्टी म्हणायची ती."

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. अक्काने त्याचं डोकं जवळ घेतलं. ताट निवून गेलं.

त्याने तिथूनच बसथांब्याजवळ राहणाऱ्या नव्या नर्सला फोन लावला, सकाळी आधी आजोबांकडे जा म्हणून. सकाळी कचेरीत जाऊन बायकोचा ठिपका नकाशावरून काढला आणि टेकडीमागच्या गल्ल्या नव्या नर्सच्या वर्तुळात घातल्या. दुपारपर्यंत निरोप आला: पट्टी बदलली, पाय वाचेल.

त्या दुपारी शेजारच्या खोलीतला फोन वाजला नाही. अक्काला दुपार फार लांबलेली वाटली.

संध्याकाळी दिवसाचं शेवटचं काम म्हणून त्याने नेहमीसारखं अक्काचं दूध आणलं. पिशवी नेहमीसारखीच गळत होती.

"बघून घ्यावी रे."

"माप बघितलं होतं," तो म्हणाला, आणि पातेलं शोधू लागला.