क्रॉयडनच्या मेळ्यातला नारिंगी वडा

आमच्या सुलक्षणावहिनी म्हणजे मेडनहेडचं चालतंबोलतं सोवळं. शशीदादाशी लग्न करून पुण्याहून इथं इंग्लंडात आल्या. दादा हॉस्पिटलात डॉक्टर, या तिथंच लॅबमध्ये, अगदी रिटायर होईपर्यंत. पण घरात अंडं? नाव काढायचं नाही! सुपरमार्केटात केक उचलला की चष्मा लावून बारीक अक्षरं वाचणार आणि 'एग' दिसलं की झुरळ झटकावं तसं पाकीट ठेवून देणार. मी त्यांची नणंद, वेम्बलीत राहते, सगळं खाते, म्हणून त्यांच्या ओट्याला हात लावायची मला बंदी!

तर त्यांच्या लेकीनं, वरदानं, लग्न ठरवलं रोमेलशी. रोमेल फिलिपिनो, नर्स आहे, पोरगा सोन्यासारखा. पण वहिनींचं एकच पालुपद: "त्यांच्या घरात काय काय शिजतं! मी त्या लग्नात पाऊल ठेवणार नाही." वरदा रडून रडून अर्धी झाली. शेवटी म्हणाली, "आई, एकदा त्याच्या मम्मीला भेट. मग पाहिजे तर नो म्हण."

रोमेलची आई, लूर्दिस, दर उन्हाळ्यात क्रॉयडनच्या पार्कातल्या फिलिपिनो मेळ्यात स्टॉल लावते. दादानं गुडघ्याचं निमित्त करून अंग काढून घेतलं. मग आत्या म्हणून मीच गेले दोघींबरोबर, दुसरं कोण जाणार?

अगंबाई, काय ती गर्दी आणि काय तो धूर! एका काडीवर काहीतरी छान नागमोडी ओवलेलं दिसलं. मी हात पुढे केला तर रोमेल हसत म्हणतो, "इसाव. कोंबडीची आतडी." शेजारी काळे चौकोन. ते काय? गोठलेलं रक्त! माझ्यासारखीचे डोळे पांढरे झाले, म्हटलं वहिनी आता इथंच आडव्या होणार.

पण नाही. लूर्दिसबाईंनी आधी तुरोन दिलं. म्हणजे केळं आणि फणस पातळ पारीत गुंडाळून साखरेत तळलेलं. वहिनींनी खाल्लं. मग पेल्यातून ताहो आलं, मऊ गरम टोफू, वर गुळाचा पाक आणि साबुदाणा. "साबुदाणा? इथं?" म्हणत वहिनींनी तेही संपवलं. वरदाचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं.

तेवढ्यात कढईतून नारिंगी, गोल, टम्म फुगलेले वडे निघाले. बटाटावडेच हुबेहूब! वहिनींनी काडीनं एक उचलला आणि तोंडात टाकला. लूर्दिसबाई कौतुकानं म्हणाल्या, "क्वेल एग."

लाव्याचं अंडं! संपलं, म्हटलं, लग्न मोडलं. वरदा किंचाळली, "आई, थुंक! थुंक ना! मला माहीत नव्हतं, शप्पथ!"

वहिनी शांतपणे चावत राहिल्या. गिळलं. मग म्हणाल्या, "ओरडतेस काय? अंड्याचा वास मला कळत नाही का? हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये रोज सकाळी खायचे मी. स्क्रॅम्बल्ड, टोस्टवर. चांगलं झालंय हे. कर बाई लग्न तू."

मी आ वासून बघतच राहिले. नाकानं कांदे सोलणारी बाई! इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना शिवू दिलं नाही आणि स्वतः रोज...? मला हसू फुटणार, इतक्यात वरदाकडे लक्ष गेलं. होकार मिळाला होता, पण पोरगी पांढरीफटक पडली होती.

"मी नऊ वर्षाची होती," ती म्हणाली. "स्कूल ट्रिपला एग सँडविच खाल्ला म्हणून तू मला जेवण नाही दिला. मी देवासमोर सॉरी म्हणत बसली, आई. उपाशी."

वहिनींच्या हातातली काडी तशीच राहिली. "सासूबाई आल्या होत्या तेव्हा आपल्याकडे," त्या पुटपुटल्या. मग मान खाली घातली. "त्या दिवशीही मी खाऊनच आले होते."

लूर्दिसबाईंना मराठी कुठलं कळतंय? त्या आग्रहानं आणखी वडे वाढत होत्या.

"वरदा," वहिनी अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मी येऊ ना लग्नाला?"

"माहीत नाही," वरदा म्हणाली. "मला थोडा टाइम दे."